चीनची बंदरे आणि आपला तागा

कापडाचा भाव दोन ठिकाणी ठरतो, असे आम्ही भिवंडीवाले लहानपणापासून ऐकत आलो. एक सुताच्या बाजारात आणि दुसरे मागावर. तिसरे ठिकाण बंदर आहे हे मला फार उशिरा, पन्नाशी जवळ आल्यावर कळले, आणि तेही परक्या मुलखात.

२०१८ च्या सप्टेंबर महिन्यात मी चीनमधील केचियाओ येथे कापड पाहायला गेलो होतो. शाओशिंग शहराचा हा भाग म्हणजे कापडाची अफाट घाऊक पेठ. आपले मूळजी जेठा मार्केट तिच्या एका कोपऱ्यात ठेवले तर सापडायचे नाही, असे वाटावे. हिंदुस्थानी, पाकिस्तानी, अरब, आफ्रिकी व्यापारी तेथे इतके की हलाल जेवणाला आणि उर्दू बोलायला कोठे अडत नाही. मी अस्तराच्या पॉलिएस्टर कापडाचा सौदा करत होतो. घासाघीस झाली, भाव ठरला. मग त्या पेढीवरच्या मुलीने, वय पंचविशीच्या आतले, कॅलेंडर पुढे ओढले आणि सांगितले, अमुक तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत डबा निंगबो बंदराच्या फाटकात जाईल, तमुक तारखेला जहाज सुटेल आणि न्हावा शेव्याला अमुक दिवशी लागेल. मला हसू आले. आपल्याकडे तारीख सांगणारा मनात चार दिवस जास्त धरूनच सांगतो आणि ऐकणारा त्यात आणखी चार मिळवतो. तिने हसण्याचे कारण विचारले, ते काही मला समजावता आले नाही. डबा सांगितलेल्या दिवशी लागला.

त्याच्या दोन वर्षे आधीची माझी स्वतःची गोष्ट सांगतो. दारेसलामच्या एका गिऱ्हाइकासाठी छापील कापडाचा डबा भरला होता. माल तयार, कागदपत्रे तयार. ट्रक बंदराच्या बाहेर रांगेत अडकला, फाटक बंद होण्याची वेळ टळली आणि जहाज निघून गेले. पुढच्या जहाजात जागा नाही. त्यापुढचे आठ दिवसांनी, तेही मधल्या एका बंदरात डबा उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवणारे. गिऱ्हाइकाचा सणाचा हंगाम हुकला. त्याने बिलातून बारा टक्के कापले आणि पुढची ऑर्डर चिनी मालाला दिली. दोष कोणाचा, यावर ट्रकवाला, एजंट आणि जहाज कंपनी आजही एकमेकांकडे बोट दाखवतात. नावे घेण्यात अर्थ नाही.

चिनी कापड स्वस्त म्हणून गिऱ्हाईक गेले, असे कोणी म्हणेल. तसे नव्हते. माझा भाव त्याला पटला होता, तारीख पटली नाही.

चीन आज व्यापारातील मोठी सत्ता आहे आणि तिने बंदरांच्या जोरावर जगाला वेढले आहे, असे वर्तमानपत्रांतून वारंवार येते. कोणत्या देशात कोणते बंदर घेतले याच्या नकाशांसह बातम्या असतात. पण आपल्यासारख्या कारागीर व व्यापाऱ्यांनी आधी पाहण्यासारखी आहेत ती चीनची घरची बंदरे. बाहेरची नंतर.

जबरदस्तीने उघडलेली दारे

चीनचे समुद्राशी नाते विचित्र राहिले आहे. पंधराव्या शतकात, १४०५ ते १४३३ या काळात, झेंग हे नावाच्या दर्यासारंगाने सात सफरी केल्या. कालिकत आणि हुर्मुझपर्यंत त्याचे तांडे आले. तो युन्नान प्रांतातील मुसलमान घराण्यातला होता, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यानंतर तेथील दरबाराने समुद्राकडे पाठ फिरवली. पुढे चारशे वर्षांनी इंग्रजांनी अफूच्या लढाईत चीनला हरवले आणि १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरे जबरदस्तीने उघडून घेतली: कँटन, अमॉय, फूचौ, निंगबो आणि शांघाय.

या कहाणीत मुंबईचाही हिशेब आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. माळव्याची अफू आणि गुजरात-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीतून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या चीन व्यापारात मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान जहाजमालक भागीदार होते. पुढे मुंबईच्या सूतगिरण्या निघाल्या तेव्हा त्यांच्या सुताचे सर्वात मोठे परदेशी गिऱ्हाईक चीनच होता. ती पेठ नंतर जपानने आणि चीनमधल्याच गिरण्यांनी खाल्ली.

सांगायचा मुद्दा असा की, जी बंदरे चीनच्या अपमानाची खूण होती, तीच आज त्याच्या कमाईची जागा आहेत. निंगबो हे त्या पाचांपैकी एक. माझा अस्तराचा डबा तेथूनच सुटला.

आधी कारखाना, मग क्रेन

१९७९ साली हाँगकाँगच्या समोर शेकोउ येथे चायना मर्चंट्स या सरकारी कंपनीने एक छोटी औद्योगिक वसाहत सुरू केली. ही कंपनी १८७२ ची, मूळची आगबोटींची. शेकोउची पद्धत साधी होती: पुढे धक्का, त्याला लागून कारखाने, मागे कामगारांची वस्ती. १९८० मध्ये शेनझेन, झुहाई, शान्तोउ आणि शियामेन हे चार विशेष आर्थिक विभाग झाले. चारही समुद्रकाठी. १९८४ मध्ये किनाऱ्यावरची आणखी १४ शहरे परदेशी भांडवलाला खुली झाली. म्हणजे देश उघडायचा तर कोठून, हा प्रश्न त्यांनी बंदरावर उभे राहून सोडवला.

तरीही १९९० मध्ये शांघाय बंदराने वर्षभरात हाताळलेले वीस फुटी डबे साडेचार लाखांच्या आसपास होते. नदीकाठचे जुने बंदर, गाळाने भरलेले. मोठी जहाजे आत येईनात. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि मालाचा लोंढा सुरू झाला. तेव्हा त्यांनी थेट समुद्रातली यांगशान नावाची बेटे निवडली, तेथे खोल पाण्याचे बंदर बांधले आणि ते जमिनीशी जोडायला साडेबत्तीस किलोमीटरचा पूल टाकला. डिसेंबर २००५ मध्ये ते सुरू झाले. २०१० मध्ये शांघायने सिंगापूरला मागे टाकून जगात पहिला क्रमांक घेतला आणि तो आजवर सोडलेला नाही. २०२४ मध्ये तेथे पाच कोटी पंधरा लाख डबे हाताळले गेले. तुलनेसाठी आपले न्हावा शेवा घ्या. १९८९ मध्ये सुरू झालेले, देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. २०२४-२५ या त्याच्या तोवरच्या विक्रमी वर्षात आकडा ७३ लाखांच्या आसपास होता. जगातल्या पहिल्या दहा कंटेनर बंदरांत सहा चीनच्या मुख्य भूमीवरची आहेत. निंगबो-झोउशान तर एकूण टनांच्या हिशेबाने जगात पहिले.

हे आकडे वाचून छाती दडपते, पण यातली खरी गोम आकड्यांत नाही. शांघायच्या मागे यांगत्से नदी आहे. शेकडो किलोमीटर आतल्या वुहान, चोंगछिंगसारख्या शहरांतून माल पडावांवर लादून नदीने खाली येतो. ट्रकपेक्षा पाण्यावरची वाहतूक किती स्वस्त पडते, हे आपल्या कोकणातल्या जुन्या गलबतवाल्यांना सांगायला नको. निंगबोच्या मागे केचियाओचे कापड आहे आणि यिवूची किरकोळ मालाची पेठ आहे, जिथून आपल्या मोहम्मद अली रोडवरच्या दुकानांतली निम्मी खेळणी, तसबिहा, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या आणि मोबाईलची कव्हरे येतात. कारखाना, पेठ आणि धक्का दोन-तीन तासांच्या अंतरात. माल इतका की मोठी जहाजे ठरलेल्या वारी थेट येतात. मोठी जहाजे येतात म्हणून डब्यामागे नूर कमी पडतो. नूर कमी म्हणून आणखी गिऱ्हाईक येते. हे चक्र एकदा फिरू लागले की कोणत्याही अनुदानापेक्षा भारी पडते.

याचा हिशेब आपल्या भाषेत मांडतो. समजा डब्यात चाळीस लाखांचा माल आहे. वर्षाला बारा टक्के धरले तर त्या पैशाचा रोजचा खर्च सुमारे तेराशे रुपये. दहा दिवस उशीर म्हणजे तेरा हजार. कोणी म्हणेल, आम्ही व्याज देत नाही. ठीक आहे, पण सूतवाला रोखीचा भाव वेगळा आणि साठ दिवसांच्या उधारीचा वेगळा लावतो की नाही? दिवसाची किंमत कोठेतरी मोजावी लागतेच. वर डेमरेज, गोदामाचे भाडे आणि हंगाम हुकल्याची कपात. मीटरमागे सुटणारे आठ आणे-रुपया, ज्यासाठी आपण सायझिंगवाल्याशी भांडतो, ते या दहा दिवसांत निघून जातात.

शिवाय डबे बहुतांशी त्यांनीच बनवलेले, धक्क्यावरच्या क्रेन जगभर बहुतेक शांघायच्या एका कंपनीच्या, नवी जहाजेही निम्म्याहून अधिक त्यांच्याच गोद्यांतून बाहेर पडतात. याची धास्ती सगळ्या जगाला एकदा बसली. ऑगस्ट २०२१ मध्ये निंगबोच्या मेइशान धक्क्यावर एका कामगाराला कोविड निघाला आणि तो अख्खा धक्का सुमारे दोन आठवडे बंद ठेवला गेला. त्या वर्षी नूर मुळातच गगनाला भिडला होता, त्यात ही भर. भिवंडीत बसून आम्ही रिकामा डबा मिळवण्यासाठी एजंटांच्या दारात उभे होतो.

परदेशातली बंदरे: कोठे चालली, कोठे रुतली

आता बाहेरच्या बंदरांकडे वळू. शेकोउचा धडा त्यांनी परदेशी नेला, आणि तो कोठे लागू पडला व कोठे नाही, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रीसचे पिरेयस बंदर घ्या. २००८ मध्ये चीनच्या कॉस्को कंपनीने तेथील दोन धक्के ३५ वर्षांच्या कराराने घेतले. ग्रीस कर्जात बुडत होता. २०१६ मध्ये कॉस्कोने बंदराच्या कंपनीचे ५१ टक्के भाग २८ कोटी युरोंना घेतले, २०२१ मध्ये हिस्सा ६७ टक्क्यांवर नेला. दशकभरापूर्वी दहा लाख डबेही न हाताळणारे हे बंदर २०१९ पर्यंत पन्नास लाखांच्या पुढे गेले. कारण उघड आहे. सुएझ ओलांडल्यावर युरोपच्या वाटेवरचे हे पहिले मोठे खोल बंदर, आणि मागे रेल्वेने मध्य युरोपची बाजारपेठ. माल आधीच होता, त्याला दार मिळाले. गोदी कामगारांचे संप झाले, नोकऱ्यांच्या अटींवरून कटुता आली, तेही खरे. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा याच पिरेयसचा धंदा घटला. जागेचा फायदा वाटेवर अवलंबून असतो.

याच्या उलट श्रीलंकेचे हंबनटोटा. पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेचे ३० कोटी ७० लाख डॉलर कर्ज, त्यावर ६.३ टक्के दर. नोव्हेंबर २०१० मध्ये उद्घाटन झाले. पूर्व-पश्चिम समुद्रमार्ग तेथून हाकेच्या अंतरावर जातो, रोज कितीतरी जहाजे नजरेसमोरून जातात. पण जहाज थांबेल कशासाठी? २०१२ मध्ये वर्षभरात अवघी ३४ जहाजे तेथे लागली. मागे ना कारखाना, ना पेठ. २०१७ मध्ये सरकारने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्सला दिले, ११२ कोटी डॉलर घेऊन. होय, तीच शेकोउची कंपनी.

बंदर देऊन कर्ज फिटले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. मिळालेले डॉलर परकीय चलनाची गंगाजळी सावरायला गेले आणि मूळ कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने हप्ते थांबवले त्यामागे चिनी कर्जापेक्षा बाजारातून उचललेले डॉलरचे रोखे मोठे होते. चीनने फास टाकला असे म्हणणे सोपे आहे. मला तर यात अधिक ओळखीची गोष्ट दिसते: गिऱ्हाईक न पाहता माग बसवणारा आणि मग सावकाराला दोष देणारा. सावकार साळसूद असतो असे मी म्हणत नाही. पण माग बसवताना त्याने हात धरला नव्हता.

गंमत अशी की त्याच श्रीलंकेत, त्याच चायना मर्चंट्सने कोलंबोत बांधलेला धक्का २०१३ पासून झकास चालतो. कोलंबोच्या मागे माल आहे. आणि त्यात मोठा वाटा आपल्या हिंदुस्थानचा आहे, कारण एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवावा लागणारा आपला सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत चढत-उतरत आला आहे. माझा दारेसलामचा डबा असाच मध्ये उतरला होता. ही वहिवाट बदलावी म्हणून केरळात विझिंजमचे खोल बंदर बांधले गेले, मे २०२५ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले.

ग्वादरचे नाव आपल्याकडे भीतीनेच घेतले जाते. १९५८ पर्यंत हे गाव ओमानच्या सुलतानाचे होते, पाकिस्तानने ते विकत घेतले. २००२ पासून चीनच्या मदतीने बंदर बांधले, २००७ मध्ये सिंगापूरच्या कंपनीकडे चालवायला दिले, २०१३ मध्ये ते चिनी कंपनीकडे आले. काशगरपासून ग्वादर सुमारे तीन हजार किलोमीटर, मध्ये ४,७०० मीटरच्या आसपास उंचीची खुंजेराब खिंड. या वाटेने चीनचा माल समुद्राला येणार, असे सांगितले गेले. शांघायला पडावाने जाणारा माल डोंगर चढून ग्वादरला कशाला जाईल, हा प्रश्न कोणत्याही ट्रान्सपोर्टवाल्याने पहिल्या दिवशी विचारला असता. बंदर बहुतांशी रिकामे राहिले. आणि २०२१ च्या अखेरीस तेथले मच्छीमार हजारोंच्या संख्येने रस्त्यावर बसले. मागण्या काय? परके ट्रॉलर हटवा, जागोजागच्या चौक्या कमी करा, पिण्याचे पाणी द्या. बंदर दारात आणि घागर रिकामी.

अर्थात सगळीच बंदरे नफ्यासाठी नसतात. चीनकडे जाणारे बरेचसे तेल मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जाते आणि ती कोणी अडवली तर काय, ही काळजी तेथील राज्यकर्त्यांना २००३ पासून आहे. ग्वादर किंवा ब्रह्मदेशातील क्याउकफ्यू यांचा अर्थ तेथे लागतो. जिबूतीत २०१७ मध्ये चीनने परदेशातला पहिला लष्करी तळ उघडला, तोही बंदराशेजारी. अमेरिकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये चिनी जहाजांवर बंदर-शुल्क लावले, चीनने उलट लावले आणि महिनाभरात दोघांनी वर्षासाठी ते स्थगित केले. हत्तींच्या या झुंजीत नूर वरखाली होतो, बिल आपल्याला येते. सरकारांचे राजकारण सरकारे जाणोत. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरू देशात कॉस्कोने चान्काय बंदर सुरू केले त्याकडे पाहा. तेथून शांघायचा प्रवास सुमारे ३५ दिवसांवरून २३ वर आला. मागे काय आहे? तांब्याच्या खाणी आणि नासणारी फळे. ते बंदर चालेल, असे मी आजच म्हणतो.

वाढवण आणि आपण

हे सर्व लिहिण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक, नैसर्गिक खोली वीस मीटर, म्हणजे जगातले मोठ्यात मोठे डब्याचे जहाज लागू शकेल. भिवंडीपासून अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. डहाणू पट्ट्यातले मच्छीमार वर्षानुवर्षे त्याला विरोध करत आहेत, आणि ग्वादरच्या मच्छीमारांविषयी हळहळणाऱ्याने त्यांचे म्हणणे विकासाच्या नावाखाली झटकू नये.

पण बंदर होणार असेल तर प्रश्न असा की त्या डब्यांत भरायचे काय? भिवंडीत गेल्या काही वर्षांत किती कारखान्यांचे माग भंगारात गेले आणि त्या जागी गोदामे उभी राहिली, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या गोदामांत केचियाओ आणि यिवूचा माल उतरतो. सरकारने मार्च २०२४ मध्ये काही कृत्रिम विणकापडावर किलोला साडेतीन डॉलर किमान आयात भाव लावला, त्याने थोडी उसंत मिळाली. आयात रोखणे वेगळे आणि आपला डबा भरणे वेगळे. आपला कारखानदार बारा-चोवीस मागांचा. एकट्याने त्याचा डबा भरत नाही. म्हणून तो ग्रे कापड पेठेत टाकून मोकळा होतो आणि निर्यातीचा नफा तिसऱ्याच्या खिशात जातो. केचियाओतही लहान कारखाने पुष्कळ आहेत. तेथे चार जणांचा माल एका डब्यात भरून देणारी गोदामे गल्लोगल्ली आहेत, आणि ती दिवसाचा हिशेब ठेवतात. असे एक गोदाम यंत्रमागवाल्यांच्या संघटनेने चालवायला हवे, असे मी दोन बैठकांत बोललो. पहिल्या बैठकीत वीजबिलाचा विषय निघाला, दुसरीत चहा झाला.

दारेसलामच्या त्या गिऱ्हाइकाला यंदा मी पुन्हा नमुने पाठवले आहेत. छपाई त्याला आवडली. भावाचे नंतर बोलू म्हणाला, आधी जहाजाची तारीख सांगा. एजंटला विचारून कळवतो, असे मी लिहिले आहे.